कोरड्या मुलुखातले जलरंग

बुलढाणा जिल्ह्यात येणारा पाहुणा बहुधा दोन-तीन ठिकाणं गाठून परततो. शेगावला गजानन महाराजांचं दर्शन, लोणारचं सरोवर, आणि जमलंच तर सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मेहकरजवळ उतरून लोणार बघायचं आणि त्याच दिवशी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं, असे प्रवासीही वाढले. सरोवराच्या काठावर गाडी थांबते, मोबाइल बाहेर निघतात, पाच मिनिटांत सगळ्यांचे फोटो होतात आणि मग 'आता पुढे काय?' असं सगळे एकमेकांकडे बघतात. तिथेच बसा आणि समोरच्या जागेचं जलरंगात चित्र काढायला शिका, एवढंच या पुस्तकाचं सांगणं आहे.

शाळा सुटल्यापासून ज्यांनी ब्रश हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी हे धडे आहेत. ज्यांना चित्रकला येते त्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल. त्यांनी ही प्रस्तावना चाळून पुस्तक दुसऱ्या कुणाला दिलं तरी हरकत नाही.

प्रवासात कशाला शिकायचं, घराजवळ क्लास नसतात का, असं कुणी विचारेल. असतात. पण तिथे बहुतेक वेळा समोर निसर्गाचा फोटो असतो. किती दिसायचं, सावली किती काळी आणि आकाश किती पांढरं, हे कॅमेऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. शिकणाऱ्याच्या वाट्याला नक्कल उरते. उघड्यावर बसलं की हे सगळं स्वतःला ठरवावं लागतं आणि शिकणं तिथून सुरू होतं. शिवाय परगावी आपल्याला कुणी ओळखत नाही, हा फायदाही लहान नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला चित्र शिकताना सगळ्यात जास्त आडवी येते ती लाज, आणि ती ओळखीच्या माणसांपुढेच वाटते. नवशिक्याची पहिली काही चित्रं वाईट होणारच असतात. ती लोणारच्या काठावर काढलेली बरी. सोसायटीच्या बागेत बसून काढली की चार जण येऊन सल्ले देतात.

आपल्यापैकी बहुतेकांची चित्रकला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटपाशी थांबते. त्या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या लाखो मुलांच्या हातात पोस्टर कलर आणि गोल ब्रश दिला, हे त्यांचं मोठं काम. पण निसर्गचित्र म्हटलं की हात अजूनही त्याच वळणावर जातो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, वळत येणारी नदी, कौलारू झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या शाळेतल्या भिंतींवरही मी हेच चित्र पाहिलं आहे, नारळासकट. खिडकीबाहेर कडूनिंब उभा असतो, पलीकडे धुऱ्यावर बाभळी असतात आणि कागदावर मात्र कोकण उतरतं. मुलांचा यात काही दोष नाही. निसर्ग सुंदर असतो आणि सुंदर म्हणजे असा, हे आपण त्यांना आधीच शिकवून ठेवलं आहे.

जलरंगांचा आणि प्रवासाचा संबंध जुना आहे. कॅमेरा येण्याआधी मुलुख टिपून ठेवायचं फौजेकडे दुसरं साधन नव्हतं, म्हणून इंग्लंडमध्ये लष्करी शिक्षणातच चित्रकला शिकवत. पॉल सँडबी हा नावाजलेला निसर्गचित्रकार वूलविचच्या लष्करी अकादमीत कित्येक वर्षं चित्रकलेचा मुख्य शिक्षक होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिसकोंबच्या शाळेतून हिंदुस्थानात येणारे पोरसवदा अधिकारीही डोंगर, किल्ले आणि नदीचे उतार रेखाटायला शिकून येत. तेलरंग वाळायला दिवस लागतात. जलरंगाचं चित्र तासाभरात वाळून वहीत मिटतं. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी पिळून रिकामी करता येणारी धातूची नळी काढली आणि काही वर्षांत जलरंगही नळीत आले. रंगाची पेटी खोगिराच्या पिशवीत मावू लागली. आज आपण विकत घेतो ती ट्यूब तीच. आपल्याकडे ती घरोघर पोचवली दांडेकर बंधूंनी. १९३१ साली शाईपासून सुरू झालेल्या त्यांच्या कॅम्लिनचा उंट ओळखत नाही असा मराठी विद्यार्थी सापडणार नाही.

आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावर या इतिहासातलं एक मोठं प्रकरण घडलं. अजिंठ्याची लेणी ज्या डोंगररांगेत आहेत तीच रांग पुढे बुलढाण्यात येते. बुलढाणा शहर तिच्याच माथ्यावर आहे. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आला आणि पुढचं सगळं आयुष्य याच भागात राहिला. गिल म्हटला की आपल्याला त्याची आणि पारोची प्रेमकथा आठवते, ना. धों. महानोरांचं 'अजिंठा' आठवतं आणि त्याच्या कामाची गोष्ट मागे पडते. त्याने तेलरंगात केलेल्या मोठमोठ्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत काम करत राहिले. त्यांच्याही पुष्कळशा प्रतिकृती १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. गिलने पुढे कॅमेरा घेतला आणि लोणारच्या देवळांचे फोटो काढले. म्हणजे लोणारला येऊन फोटो काढायची रीत सुमारे दीडशे वर्षांची आहे. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. एवढी माणसं, एवढी वर्षं या डोंगरांत चित्रं काढत बसली ती गुहेच्या भिंतींकडे तोंड करून. बाहेरचा डोंगर फार थोड्यांनी काढला.

पुढे मराठी मुलुखात निसर्गचित्राची स्वतःची परंपरा तयार झाली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान १९३१ साली गेले. रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा परिसर त्यांनी जन्मभर रंगवला. सावळाराम हळदणकरांनी जलरंगात माणूस आणि उजेड किती खोल जाऊ शकतो हे दाखवलं. दिव्याच्या उजेडातली त्यांची मुलगी म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते चित्र राजा रविवर्म्याचं म्हणून सांगणारे लोक अजून भेटतात. नाशिकला शिवाजी तुपे गोदाघाटावर बसले आणि त्यांच्या मागे प्रत्यक्ष जागेवर बसून चित्र काढणाऱ्यांची एक फळीच उभी राहिली. पुण्याच्या मिलिंद मुळीक यांच्या पुस्तकांवरून तर आज अर्धा महाराष्ट्र जलरंग शिकतो. या सगळ्यांचं ऋण मानूनही एक गोष्ट लक्षात येते. रंकाळा, गोदाघाट, पुण्यातल्या पावसाने भिजलेल्या गल्ल्या, कोकण: आपली जलरंगातली निसर्गचित्रं बहुतेक पाण्याच्या काठावर झाली. ओली फरशी, तिच्यात पडलेलं प्रतिबिंब, धुक्यात विरलेला घाट अशीच दृश्यं जलरंगाची आहेत, हे आपल्या डोळ्यांत बसून गेलं आहे.

वऱ्हाडाच्या या टोकाला वर्षातले आठ महिने त्यातलं काही नसतं. काळी जमीन, तुरीच्या खुंट्या, बेसॉल्टचे उघडे माळ, पानं झडलेला साग आणि डोळ्यांवर येणारं ऊन. 'इथे काढण्यासारखं काय आहे?' असं बुलढाण्याचीच माणसं विचारतात. माझं म्हणणं असं की नवशिक्याने इथेच शिकावं. देखणी जागा असली की शिकणारा तिच्या देखणेपणावर रेलतो. लाल कौलं, हिरवं झाड, निळं पाणी हे कसंही रंगवलं तरी बघणाऱ्याला काय आहे ते कळतं आणि बरंही वाटतं. काळ्या मातीचं उघडं शेत आणि वर मळकट आकाश एवढंच समोर असलं, तर फिकं काय आणि गडद काय याच्याखेरीज हाताशी काही उरत नाही. जलरंगातली मुख्य विद्या तीच आहे.

पण इथली हवा पुस्तकांप्रमाणे वागत नाही. जलरंग म्हणजे बारीक वाटलेला रंग, डिंक आणि पाणी. डिंक आपल्या बाभळीच्याच जातकुळीतल्या एका झाडाचा; तो रंग कागदाला धरून ठेवतो. पाणी तो पसरवतं आणि उडून जातं. चित्र काढणारा खरं तर त्या उडून जाण्याच्या वेळात काम करत असतो. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत 'आता कागद वाळू द्या' म्हणून चहा प्यायला सांगतात. एप्रिलमध्ये मेहकरच्या माळावर तसं कुणी सांगितलं तर हसू येईल. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत डावी कड वाळलेली असते, परत ब्रश लावला की तिथे काठ उमटतो आणि आकाशात एक भेग पडल्यासारखी दिसते. शिकणाऱ्याला वाटतं, आपला हात वाईट. हात ठीक असतो, हवा कोरडी असते.

यावर उपाय आहेत आणि ते पुस्तकात सविस्तर दिले आहेत. कागद जाड घ्यावा, ३०० जीएसएमचा. दोन्ही बाजूंनी भिजवून ओल्या सुती फडक्यावर ठेवला की तो बराच वेळ ओला राहतो. ब्रश आपल्याला वाटतो त्याच्या दुप्पट मोठा घ्यावा. रंग आधी वाडग्यात पुरेसा कालवून ठेवावा, कारण मधेच कालवायला थांबलात की वॉश गेला. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ग्लिसरीनचे एक-दोन थेंब पाण्यात घातले तर वाळणं थोडं लांबतं. आणि सावलीत बसावं. सावली कागदावरही हवी. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, मग रंग हवा त्याहून गडद लागतो. जलरंग वाळला की फिका होतो, हे मात्र कुठल्याही हवेत खरं. पहिल्या दिवशी सगळ्यांची चित्रं संध्याकाळी फिकी झालेली असतात आणि सगळ्यांना सकाळी आपण चांगले चित्रकार आहोत असं वाटलेलं असतं.

कागदाबद्दल आणखी एक. हातकागदाची परंपरा शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरचं कागजीपुरा हे गाव नावाप्रमाणेच हाताने कागद करणाऱ्यांचं. पुण्यातही १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. पण जलरंगासाठी कागद घेताना त्याला खळ नीट दिली आहे का, ते विचारून घ्यावं. खळ कमी असेल तर टीपकागदासारखं पाणी आत शोषलं जातं आणि रंग मरतो. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब वर टिकला तर कागद घ्या.

आता लोणार. या पुस्तकातले सर्वांत जास्त धडे तिथले आहेत, आणि ते सरोवर प्रसिद्ध आहे म्हणून नव्हे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, काठापासून पाण्यापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोल असं हे विवर. आईन-ए-अकबरीत लोणारची नोंद आहे, काच आणि साबण करायला लागणारा क्षार तिथे मिळतो अशी. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचं मुख समजलं गेलं. प्रचंड दाबाखालीच तयार होणारी काच इथल्या खडकात सापडली आणि १९७३ साली ती प्रसिद्ध झाल्यावर उल्काघाताची बाजू पक्की झाली. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं आणि एवढं टिकलेलं विवर जगात दुर्मिळ आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने ते झालं, असं तपासणीत दिसून आलं.

हे सगळं माहीत असणं चित्राच्या आड येतं, म्हणून ते इथेच सांगून मोकळा होतो. ड्रोनचे फोटो पाहून प्रत्येकाच्या डोक्यात लोणार गोल आहे. त्यामुळे काठावर बसून नवशिका तळं गोलच काढतो, आणि ते पाणी कागदावर उभं केल्यासारखं दिसतं. काठावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना तळं गोल दिसतच नाही. ते आडवं, चपटं दिसतं. पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरून तळ्याची रुंदी मोजा, मग उभी धरून उंची मोजा. आकडा पाहून बहुतेक जण पुन्हा मोजतात. 'माहीत आहे' आणि 'दिसतं' यातलं अंतर समजायला लोणारइतकी चांगली जागा मला ठाऊक नाही.

दुसरा धडा त्याहून मोलाचा. पायाखालच्या उतारावर जंगल आहे आणि समोरच्या उतारावरही जवळपास तेच जंगल आहे. झाडं त्याच जातींची, ऋतू एकच. तरी समोरची कड फिकी आणि निळसर दिसते, कारण मधे दीड-पावणेदोन किलोमीटर हवा आहे. दूरचं फिकं आणि थंड, जवळचं गडद आणि उबदार, हे पुस्तकात वाचून पाठ होतं. इथे ते नजरेच्या एकाच फेकीत सिद्ध होतं. त्यासाठी फक्त अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना या दोन ट्यूबा पुरतात. समोरच्या कडेला निळा जास्त आणि पाणी भरपूर, पायाखालच्या झाडांना तपकिरी जास्त आणि पाणी कमी. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि रवाळ पोत येतो. बेसॉल्टच्या खडबडीत कड्याला तो आपोआप शोभतो. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली लोहयुक्त माती. झिजलेल्या बेसॉल्टवरचा तांबूसपणाही लोखंडाच्याच गंजाचा. म्हणून हा रंग इथे उसना वाटत नाही.

लोणारला बसणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. तळ्याचं पाणी रंग कालवायला घेऊ नका. त्याचा सामू १० च्या आसपास असतो आणि प्रशियन ब्लूसारखा रंग क्षारात टिकत नाही, तपकिरी पडतो. शहरातून गोड्या पाण्याची बाटली न्यावी. देवळं काढायची असतील तर गावातलं दैत्यसूदन मंदिर आहे, पण पहिल्या दिवशी त्याच्या वाटेला जाऊ नका. त्या कोरीव भिंतीपुढे भलेभले तपशिलात हरवतात. त्यापेक्षा विवराच्या आत, पाण्याजवळचं कमळजा देवीचं देऊळ बरं. झाडीपुढे एक फिका ठोकळा, एवढंच ते दुरून असतं.

सिंदखेडराजाची गोष्ट वेगळी. तिथे दगड आणि वीट शिकायची. लखुजी जाधवांचा राजवाडा, १५९८ साली जिजाऊंचा जिथे जन्म झाला ती वास्तू, काळाकोटाच्या भिंती आणि लखुजी जाधवांची भव्य समाधी. १६२९ साली दौलताबादला निजामशाही दरबारात लखुजी आणि त्यांचे मुलगे मारले गेले. त्यांच्या समाधीएवढी मोठी समाधी मराठा सरदारांच्या स्मारकांत क्वचितच दिसते. सकाळी नऊच्या आत तिथे पोचलात तर एक भिंत उजेडात आणि एक सावलीत असते, मधली कड सुरीने कापल्यासारखी. उजेडातली बाजू कोऱ्या कागदाची ठेवायची आणि सावलीतली एकाच वॉशमध्ये भरायची. वीट एकेक काढत बसायचं नाही. हे सांगायला सोपं आहे, करायला फार कठीण. हात विटा मोजायला लागतोच. १२ जानेवारीला तिथे जयंतीची लाखोंची गर्दी असते, तेव्हा चित्राचा विचार सोडून गर्दीत सामील व्हावं.

मलकापूर-मोताळ्याकडून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट, खामगावकडून ज्ञानगंगा अभयारण्यातून येणारी बोथ्याची वाट, हे रस्ते फाल्गुनात बघावेत. साग उघडा, खोडं राखाडी, पाचोळा तपकिरी आणि त्यात मधेच पळस पेटलेला. आणि इथेच नवशिके घसरतात: केशरी ट्यूब उघडतात आणि पळस कागदभर करतात. पळस ठळक दिसतो तो आजूबाजूच्या राखाडीमुळे. राखाडी आधी नीट साधा, मग केशरीचे चार ठिपकेही पुरतील. मात्र अभयारण्याच्या हद्दीत गाडीतून उतरून बसायचं नाही. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तीन हजार किलोमीटरहून जास्त फिरून ज्ञानगंगेत येऊन राहिला होता, हे ध्यानात असू द्या. वन खात्याचे नियम त्याच्यासाठीही आहेत आणि तुमच्यासाठीही.

घाटाखाली पूर्णेचं खोरं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात मीठ. ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकून फुलांसारखे डाग पाडायची युक्ती जलरंगात मुद्दाम वापरतात. पण तुमच्या आकाशात मीठ नकळत नको, म्हणून पिण्याचं पाणी वापरा. शेगावबद्दल दुसरी सूचना कचोरीची. ती खाल्ल्याशिवाय परतू नये हे मान्य. पण खाऊन हात साबणाने धुवावेत. कागदाला तेलकट बोट लागलं की तिथे पाणी थांबत नाही, वॉश त्या जागेला वळसा घालून जातो आणि चित्र वाळल्यावर बोटाचा ठसा दिसतो.

चित्रकलेच्या सहली हल्ली पुष्कळ निघतात आणि त्यांतल्या काही चांगल्या असतात. माझी तक्रार एका पद्धतीबद्दल आहे. सर पुढे बसून अर्ध्या तासात चित्र काढून दाखवतात, टाळ्या पडतात, मग वीस माणसं समोरच्या डोंगराकडे पाठ करून सरांच्या चित्राची नक्कल करतात. संध्याकाळी वीस सारखी चित्रं ओळीने मांडून फोटो निघतो. सगळे खूश असतात, आणि पुढच्या महिन्यात एकट्याने बसल्यावर कुणालाच काही सुचत नाही. म्हणून या पुस्तकात पूर्ण झालेलं एकही चित्र छापलेलं नाही. धड्यांत आहेत ते छटांचे पट्टे, पेन्सिलीची मापं आणि अर्धवट सोडलेले वॉश. पहिला धडा एकाच रंगात, फिकी, मध्यम आणि गडद अशा तीन छटांत काढायचा. दुसऱ्यात दोन रंग. यलो ऑकर तिसऱ्या धड्यात येतो. तयार हिरव्या रंगाची ट्यूब शेवटपर्यंत नाही. अल्ट्रामरीन आणि ऑकर मिळून जो मळकट हिरवा होतो तोच इथल्या निंबाचा आणि बाभळीचा आहे.

उघड्यावर बसलात की बघे जमतील. त्यांना टाळू नका. 'काय काढून राह्यले भाऊ?' असं विचारत एखादा शेतकरी बैलगाडी थांबवेल, मुलं पाठीमागे उभी राहून श्वास सोडतील. पुढचं विधान बहुधा 'हे तं आमचंच वावर व्हय' असं असतं आणि त्यानंतर चुका सांगितल्या जातात. त्या ऐका. धुऱ्यावरचं झाड बोर की हिवर, बांध कुठे वळतो, तुरीची रांग किती उंच, यात तो माणूस तुमच्यापेक्षा चांगला पारखी आहे. चित्र ओळखू आलं नाही तर तो तसं तोंडावर सांगेल, आणि शहरातल्या कलाप्रेमी मित्रांकडून ही सोय होत नाही. वावरात बसायचं असेल तर आधी विचारावं. नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही, पण म्हणून न विचारता बसू नये.

यायचं कधी, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी; पळसासाठी फाल्गुनात. पावसाळ्यात जिल्हा हिरवागार आणि फार सुंदर असतो, पण तेव्हा कागद वाळत नाही आणि हिरव्याने डोळे भरून जातात; तो ऋतू दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. सामान एका झोळीत मावलं पाहिजे: तीन ट्यूबा, दोन ब्रश, जाड कागदाचे आठ-दहा तुकडे, पॅड, मास्किंग टेप, सुती फडकं, झाकणाची एक रिकामी बरणी आणि पाण्याची बाटली. बरणी कशासाठी, ते सांगून थांबतो. लोणार हे अभयारण्य आहे. ब्रश धुतलेलं पाणी तळ्याच्या काठावर, झऱ्याजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. झाकण लावून मुक्कामी परत आणा.